धुराड्यांतील साक्षीदार

गेल्या महाशिवरात्रीस आम्ही सहकुटुंब प्रतापगडास जाऊन आलों. प्रतापगड म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें जावळीचें खोरें आणि अफझलखानाचा प्रसंग उभा राहावयाचा. परंतु तो प्रतापगड साताऱ्याकडचा. आम्ही गेलों तो गोंदिया जिल्ह्यांतला, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतला. नवेगांवबांधाचा प्रसिद्ध तलाव ज्या रानांत आहे त्याच मुलखांत हा डोंगर उभा आहे. वर जुन्या किल्ल्याचे अवशेष, महादेवाचें स्थान, आणि त्याच परिसरांत ख्वाजा उस्मान गनी हारूनी ह्यांचा दर्गा. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते, आणि दोन्ही ठिकाणीं माथा टेकून परतणारे यात्रेकरू कांहीं थोडे नसतात.

यात्रेचें वर्णन हा मात्र आजच्या लेखाचा विषय नव्हे. रोजच्या वापरांतील वस्तूंच्या पोटांत काय चालतें तें आमच्या वाचकांस आणि वाचकभगिनींस सोप्या भाषेंत सांगावें, हा ह्या सदराचा परिपाठ आहे. त्यास धरून आज मोटारीच्या सायलेन्सरच्या वाटेवर बसविलेल्या एका अंगठ्याएवढ्या वस्तूविषयीं लिहिणार आहों. तिचें नांव ऑक्सिजन सेन्सर. ह्या वस्तूचें म्हणणें नीट न ऐकल्यामुळें आम्हीं पैसे तर घालविलेच. परंतु घरांतलीं मुलें आणि वडील माणसें ह्यांच्या जिवाशींही, नकळत कां होईना, खेळ केला. म्हणून हा लेख कांहींसा कबुलीजबाबही आहे.

आमच्या घरीं सात जणांस बसतां येईल अशी पेट्रोलची मोटार आहे. तिला आतां दहा वर्षें होऊन गेलीं. यात्रेच्या पंधरा दिवस आधीं तिच्या डॅशबोर्डावरील, इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, चालींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फक्त पेट्रोल थोडें अधिक लागतें, असें आमच्या पुतण्याचें म्हणणें पडलें. आम्हीं गाडी नागपुरांतल्या एका मोठ्या वर्कशॉपांत नेली. तेथील तरुण कारागिरानें स्टिअरिंगखालच्या सॉकेटांत स्कॅनर लावला, पडद्यावर उमटलेला अंक पाहिला आणि सांगितलें, "काका, मिश्रण लीन दाखवतं आहे. ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलावा लागेल." सारा निर्णय पांच मिनिटांत झाला. जुना सेन्सर निघाला, नवा बसला, दिवा मालवला, आणि साडेचार हजारांचें बिल आम्हीं चुकतें केलें. दिवा विझला म्हणजे दुखणें गेलें असें समजून आम्ही निश्चिंत झालों.

शिवरात्रीच्या दिवशीं पहाटे निघालों. गाडींत मातोश्री, वहिनी, आमची सौभाग्यवती, दोन मुलें, चालविण्यास पुतण्या आणि आम्ही. मातोश्रींस एसीचा गारवा सोसत नाहीं आणि पहाटेचा वारा तर मुळींच नाहीं. म्हणून कांचा घट्ट लावून, बाहेरची हवा आंत घेणारा पंखा तेवढा सुरू ठेविला होता. भंडाऱ्यापुढें वैनगंगा ओलांडली तोंवर सारें ठीक होतें. लाखनी आली तेव्हां वहिनींनीं कपाळाला हात लावला. "उपवास आहे, झोपही झाली नाहीं," अशी त्यांनीं आपली आपणच समजूत घातली. साकोलीस वाहनांची रांग लागली, गाडी पावलापावलानें सरकूं लागली, आणि तो पिवळा दिवा पुन्हां लागला. मातोश्रींस मळमळूं लागलें. त्यांचाही उपवासच होता. कोहमाऱ्यापाशीं मोठा रस्ता सोडून आम्ही नवेगांवबांधाकडे वळलों, तों मागल्या बाकावरील धाकट्या पुतणीस वांति झाली. तिनें मात्र निघतांना पोटभर पोहे खाल्ले होते. सहा वर्षांच्या पोरीस उपवास कुठला? तिचा भाऊ शेजारीं इतका गाढ झोपला होता कीं, हलविल्यावरही डोळे उघडण्यास त्याला वेळ लागला. तेव्हां प्रथम आमच्या मनांत चर्र झालें.

नवेगांवबांधास रस्त्याच्या कडेला, मोहाच्या झाडाखालीं, एका मिस्त्रीचें लहानसें दुकान दिसलें. गाडी थांबतांच त्यानें इंजिनाकडे कान दिला, आंत एकवार पाहिलें आणि मातोश्रींस म्हणाला, "आधी लेकरांना उतरवा जी, माय. काचा साऱ्या खोला." सर्व मंडळी झाडाखालीं सतरंजीवर बसली. आम्हीं त्याला सांगितलें कीं, सेन्सर नवा कोरा आहे, त्याला पंधरा दिवसही झाले नाहींत. तोच पुन्हां बिघडला कीं काय? मिस्त्री हंसला. म्हणाला, "सेन्सर नाही बिघडला जी. त्याले बाहेरचा वारा लागते. तो आपला खरंच सांगते."

ह्या तीन वाक्यांत सर्व शास्त्र आलें होतें. परंतु तें आम्हांस उमगण्यास वेळ लागला. वाचकांसही तें उमगावें म्हणून मिस्त्रीस तेथेंच इंजिनावर ओणवा ठेवून, आधीं हा सेन्सर काय जाणतो आणि काय जाणत नाहीं, हें पाहूं.

आमच्या लहानपणीं घरांत लाकडाची चूल होती. आमची आजी अंगणांत उभी राहून छपरावरल्या धुराड्यांतून निघणारा धूर पाही आणि आंतल्या सुनेस हांक मारून सांगे, "लाकडें फार झालीं, एक ओढ मागें." चूल तिच्या दृष्टीआड असे, परंतु धुराच्या रंगावरून आंत काय चाललें आहे तें तिला कळे. आजच्या गॅसच्या शेगडीचेंही तसेंच आहे. ज्योत निळी असली म्हणजे गॅस आणि हवा ह्यांचा मेळ बरोबर आहे. ज्योत पिवळी झाली आणि पातेल्याची बुडें काळीं होऊं लागलीं म्हणजे हवा कमी पडते आहे. जळणें म्हणजे इंधनाचा प्राणवायूशीं संयोग. इंधन जास्त झालें तर कांहीं अर्धवट जळून काजळी आणि विषारी वायु होतो. हवा जास्त झाली तर प्राणवायु न वापरतां उरतो आणि धुराबरोबर निघून जातो.

मोटारीच्या इंजिनांत हा मेळ फार काटेकोर लागतो. एक किलो पेट्रोल पुरतें जाळावयास सुमारें १४.७ किलो हवा लागते. वजनाच्या आंकड्यानें ही गोष्ट मनावर ठसत नाहीं, म्हणून मापानें सांगतों : एक लिटर पेट्रोलास सुमारें नऊ हजार लिटर हवा. ह्या प्रमाणापेक्षां पेट्रोल जास्त झालें तर त्या मिश्रणास मिस्त्री लोक 'रिच' म्हणतात. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली तर 'लीन' म्हणतात. रिच मिश्रणानें पेट्रोल वायां जातें आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु वाढतो. लीन मिश्रणानें इंजिन अडखळूं लागतें, आणि मिश्रण थोडेंसेंच लीन असेल तर हवेंतल्या नत्रवायूचे अपायकारक ऑक्साइड जास्त होतात.

हें प्रमाण नेमकें राखण्याचें आणखी एक कारण आहे. हल्लींच्या मोटारींत इंजिनाच्या धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचा एक डबा बसविलेला असतो. त्यांत मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांवर प्लॅटिनमच्या जातीच्या धातूंचा अति पातळ लेप असतो. ह्या डब्याला एकाच वेळीं दोन उलट कामें करावयाचीं असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलें पेट्रोल ह्यांना प्राणवायु द्यावयाचा, आणि नत्राच्या ऑक्साइडांपासून प्राणवायु काढून घ्यावयाचा. एकत्र कुटुंबांत एकाजवळ जास्त असेल तें दुसऱ्याच्या तुटींत घालून जसा संसार चालवितात, तसाच हा व्यवहार आहे. परंतु जमा आणि खर्च जवळजवळ सारखे असले तरच तो जमतो. मिश्रण थोडें रिच झालें कीं पहिलें काम अडतें, थोडें लीन झालें कीं दुसरें. म्हणून प्रमाण १४.७ च्या अगदीं आसपास राखावें लागतें. आणि तें राखण्यासाठीं धुराड्यापाशीं आमच्या आजीसारखें कोणीतरी उभें असावें लागतें. तोच हा ऑक्सिजन सेन्सर.

त्याची घडण मोठी मौजेची आहे. बाहेरून तो एखाद्या जाड बोल्टासारखा दिसतो. आंत झिर्कोनिया नांवाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाची, शिंप्याच्या अंगुस्तानासारखी एक टोपी असते. टोपीला आंतून आणि बाहेरून प्लॅटिनमचा सच्छिद्र मुलामा दिलेला असतो. टोपीच्या आंतल्या बाजूस बाहेरची स्वच्छ हवा असते, आणि तींत सुमारें २१ टक्के प्राणवायु असतो. टोपीच्या बाहेरच्या बाजूस इंजिनांतला धूर लागतो, आणि त्यांत प्राणवायु जवळजवळ नसतो. हा पदार्थ तापून सुमारें तीनशें अंश सेल्सिअसच्या वर गेला कीं त्यांतून प्राणवायूचे विद्युद्भारित कण सरकूं लागतात, आणि दोन बाजूंच्या प्राणवायूंत जेवढी तफावत असेल तेवढा विजेचा दाब उत्पन्न होतो. धुरांत प्राणवायु मुळींच उरला नसेल, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर हा दाब सुमारें ०.९ व्होल्ट भरतो. प्राणवायु उरला असेल, म्हणजे मिश्रण लीन असेल, तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास येतो. नेमक्या प्रमाणापाशीं तो एकदम उडी घेतो. घड्याळाच्या एका लहान सेलाच्या दाबाहूनही कमी असलेल्या ह्या दाबावर सबंध मोटारीचें जळण चाललेलें असतें.

सेन्सरचा निरोप इंजिनाच्या कॉम्प्युटराकडे जातो. 'रिच' असा निरोप आला कीं कॉम्प्युटर पेट्रोलच्या पिचकाऱ्या, म्हणजे इंजेक्टर, जरा कमी वेळ उघडतो. 'लीन' असा निरोप आला कीं जरा जास्त वेळ. त्यामुळें मिश्रण एका जागीं स्थिर राहत नाहीं. तें तराजूच्या कांट्याप्रमाणें कधीं इकडे, कधीं तिकडे झुलत असतें, आणि त्या झुलण्याचा मध्य तेवढा बरोबर साधतो. सेन्सर सारखा 'लीन, लीन' म्हणत राहिला तर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवीत जातो आणि ही वाढ आपल्या स्मरणांत नोंदवून ठेवतो. वाढवितां वाढवितां ती एका मर्यादेस पोंचली, पुष्कळ गाड्यांत ही मर्यादा वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरांत असते, कीं कॉम्प्युटर हात टेकतो आणि पिवळा दिवा लावतो. दिवा लागण्याचा अर्थ एवढाच कीं, 'मला हिशेब जुळवितां येत नाहीं.' चूक कोणाची, हें तो दिवा सांगत नाहीं.

ह्या युक्तीचें मूळ शंभर वर्षांहून जुनें आहे. दोन बाजूंच्या द्रव्यांच्या प्रमाणांतील तफावतीवरून विजेचा दाब किती येईल, हें गणित वाल्टर नर्न्स्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८९ सालीं मांडलें. मोटारीसाठीं त्याचा उपयोग करणारा सेन्सर जर्मनींतील बॉश कंपनीनें सिद्ध केला, आणि १९७६ सालीं तो प्रथम कॅलिफोर्नियांत विकावयाच्या व्होल्व्हो गाडींत बसला. कारण धुरासंबंधींचे कायदे तेथें सर्वांत कडक होते. हवा आणि इंधन ह्यांचें प्रमाण दर्शविण्यास शास्त्रज्ञ 'लॅम्डा' हें ग्रीक अक्षर वापरतात, म्हणून ह्यास लॅम्डा सेन्सर असेंही म्हणतात.

आपल्याकडे ही वस्तु येण्यापूर्वीं एक अडथळा दूर व्हावा लागला. पूर्वीं पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मिसळीत असत. शिसें प्लॅटिनमवर बसतें आणि कन्व्हर्टर व सेन्सर ह्या दोहोंनाही निकामी करतें. म्हणून १९९५ च्या एप्रिलपासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ह्या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांस कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हां त्याबरोबरच शिसेंविरहित पेट्रोलही तेथें द्यावें लागलें. २००० च्या फेब्रुवारीपासून सबंध देशांत शिसें बंद झालें. त्यानंतर कार्बुरेटर मागें पडला, इंजेक्टर आले आणि त्यांच्याबरोबर हा सेन्सर घरोघरच्या गाड्यांत शिरला. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले, आणि आतां नव्या स्कूटर-मोटारसायकलींच्या सायलेन्सरवरही तो दिसतो. गाड्यांचा धूर ह्या नियमांत बसतो कीं नाहीं, हें तपासण्याचें काम करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकीं एक पुण्यास वेताळ टेकडीवर आहे. १९६६ सालीं स्थापन झालेली ही ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुणेकर वाचकांस ठाऊक असेलच, निदान टेकडीवर फिरावयास जाणारांस तरी.

आतां पुन्हां मोहाच्या झाडाखालीं येऊं. मिस्त्रीनें इंजिन निवूं दिलें. मग पुतण्यास गाडी सुरू करावयास सांगून त्यानें ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर सायलेन्सरच्या तोंडाशीं दाबून धरला. त्याबरोबर इंजिनापाशीं 'फस्-फस्' असा आवाज स्पष्ट ऐकूं आला. इंजिनांतून धूर जेथें बाहेर पडतो, तेथें लोखंडी नळांचा एक जुडगा असतो. त्यास मॅनिफोल्ड म्हणतात. तो इंजिनास जेथें बोल्टांनीं आवळलेला असतो, तेथलें पॅकिंग एका बाजूनें जळालें होतें आणि एक बोल्ट तुटला होता. फटीभोंवतीं काजळीचा काळा पट्टा होता. हा पट्टा पंधरा दिवसांपूर्वींही असलाच पाहिजे. परंतु स्कॅनरच्या पडद्यावर तो दिसत नाहीं, आणि बॉनेटखालीं वांकून पाहण्याची तसदी वर्कशॉपांतल्या कारागिरानेंही घेतली नाहीं आणि आम्हींही घेतली नाहीं.

ही फट सेन्सरच्या अलीकडे होती, आणि तेथेंच सर्व घोटाळा होता. इंजिनांतून धूर सारख्या प्रवाहानें निघत नाहीं. तो ठोक्याठोक्यानें निघतो. ठोका बाहेर पडतांना फटींतून धूर बाहेर फेंकला जातो, आणि दोन ठोक्यांच्या मध्यें नळींतला दाब उतरतो तेव्हां त्याच फटींतून बाहेरची हवा आंत ओढली जाते. गाडी मंद चालत असतां हें विशेष होतें. त्या हवेबरोबर प्राणवायु येतो, आणि तो सेन्सरला लागतो. सेन्सर बिचारा जें समोर आहे तें सांगतो : 'येथें प्राणवायु आहे.' कॉम्प्युटर त्याचा अर्थ लावतो : 'मिश्रण लीन आहे, पेट्रोल वाढवा.' वास्तविक मिश्रण बरोबर असतें; वाढविल्यामुळें तें रिच होतें. रिच झाल्यामुळें कार्बन मोनॉक्साइड वाढतो. आणि तो कन्व्हर्टरापर्यंत जाऊन निर्विष होण्यापूर्वींच त्या फटींतून बॉनेटखालीं पसरतो. बाहेरची हवा गाडींत घेणाऱ्या पंख्याचें तोंड कांचेच्या खालीं, बॉनेटच्या शेवटास असतें. पुढचें सांगावयास नको. मातोश्रींस वारा बाधूं नये म्हणून आम्हीं कांचा लाविल्या आणि त्याच पंख्यानें इंजिनाचा धूर घरच्या माणसांस पाजला.

कार्बन मोनॉक्साइडास रंग नाहीं, वास नाहीं. प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक आवडीनें तो रक्तांतल्या हिमोग्लोबिनास चिकटतो, आणि मग त्या रक्तास प्राणवायु वाहतां येत नाहीं. डोकें जड होणें, मळमळ, वांति, गुंगी हीं त्याचीं पहिलीं लक्षणें. आणि तीं उपवासाच्या, पित्ताच्या किंवा गाडी लागण्याच्या लक्षणांशीं इतकीं जुळतात कीं, आमच्यासारखीं शिकलेलीं माणसेंही फसतात. गांवांतल्या डॉक्टरांस मुलें आणि मातोश्री दाखविल्या. गाडीची हकीकत ऐकून त्यांनीं सर्वांस तपासलें, मोकळ्या हवेंत बसविलें, आणि दुपारपर्यंत सर्वांचीं डोकीं हलकीं झालीं. आणखी तासभर तशाच बंद गाडींत राहिलों असतों तर काय झालें असतें, ह्याचा विचार आम्हांस अजूनही करवत नाहीं.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावयाची आहे. सेन्सर खोटें बोलला नाहीं. जुनाही नाहीं आणि नवाही नाहीं. परंतु तो एकाच प्रश्नाचें उत्तर जाणतो : 'माझ्यासमोर प्राणवायु किती?' पेट्रोल किती, हें त्याला दिसतच नाहीं. तो प्राणवायु कोठून आला, हें त्याला विचारलेलें नसतें. एखाद्या सिलिंडरांत ठिणगी पडली नाहीं तर तेथलें पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळतां बाहेर येतात. पेट्रोल चक्क वायां जात असतें, तरीही सेन्सर प्राणवायु पाहून 'लीन' म्हणतो. हवेच्या वाटेवरची रबरी नळी फाटली किंवा पेट्रोलचा पंप दुबळा झाला, तरी तो 'लीन'च म्हणतो, आणि ह्या वेळीं तें अक्षरशः खरें असतें. म्हणजे साक्ष एक आणि गुन्हेगार चार. अशा वेळीं साक्षीदाराची उलटतपासणी करावयाची, कीं त्याला हांकलून दुसरा आणावयाचा? आम्हीं दुसरें केलें. नव्या साक्षीदारानें तीच साक्ष दिली. मध्यंतरीं दिवा विझला होता तो स्कॅनरनें कॉम्प्युटराचें स्मरण पुसून टाकल्यामुळें. पुन्हां पहिल्यापासून हिशेब मांडून त्याच मर्यादेला पोंचण्यास त्याला पंधरा दिवस लागले, इतकेंच.

सेन्सर कधींच बिघडत नाहीं, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. वर्षानुवर्षें धुरांत राहून तो मंद होतो. इंजिन ऑइल जाळीत असेल तर त्या राखेनें माखतो. जोड बुजविण्याच्या कांहीं सिलिकोनच्या वाफेनेंही निकामी होतो. त्याला लवकर तापविण्यासाठीं आंत एक लहानशी विजेची तार असते, ती तुटते. अशा वेळीं तो बदललाच पाहिजे. परंतु मिस्त्रीनें आधीं तो झुलतो आहे कीं अडकला आहे हें पाहावें, पेट्रोल थोडें वाढवून त्याचा निरोप बदलतो कीं नाहीं हें पाहावें, आणि मग निकाल द्यावा. निरोप बदलत असेल तर निरोप्या जिवंत आहे.

आणखी एक शंका वाचक विचारतील, म्हणून आधींच सांगून ठेवतों. हल्लीं पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. उंसापासून, मक्यापासून आणि आमच्या गोंदियाकडे गिरण्यांतून निघतो तसल्या तुकडा तांदळापासूनही तें होतें. इथेनॉलच्या अंगीं मूळचाच प्राणवायु असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. एक किलोस सुमारें नऊ किलो. वीस टक्के मिश्रणाचें प्रमाण त्यामुळें सुमारें साडेतेरावर येतें. सेन्सर असलेल्या गाडीस हा फरक धुरावरून कळतो आणि ती आपण होऊन पेट्रोलाची धार थोडी वाढविते. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीस हें कळण्याचें साधन नाहीं. अर्थात् इंजिनांतलें रबर नव्या इंधनास टिकणारें आहे कीं नाहीं, हा प्रश्न निराळा आहे आणि तो सेन्सरच्या अधिकारांतला नव्हे.

आमच्या ह्या अनुभवावरून कुटुंबवत्सल वाचकांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पिवळा दिवा लागला तर घाबरूं नये. परंतु तो विझविणें म्हणजे दुरुस्ती, असेंही मानूं नये. स्कॅनरचा अंक कागदावर लिहून घ्यावा, आणि 'सेन्सर बदला' असें कोणी म्हटलें तर 'सेन्सर चुकतो आहे हें कशावरून?' एवढें तरी विचारावें. सकाळीं गार इंजिन सुरू करतांना टक-टक असा आवाज येत असेल आणि इंजिन तापल्यावर तो कमी होत असेल, तर धुराच्या नळीचे जोड तपासून घ्यावे. आणि बंद गाडींत एकाहून अधिक माणसांचें डोकें एकाच वेळीं दुखूं लागलें, तर कारण पोटांत शोधण्यापूर्वीं गाडी थांबवावी, कांचा उघडाव्या, सर्वांस खालीं उतरवावें. कोणी गुंगींत असेल तर तडक डॉक्टर गांठावा. घरांतलीं लहान मुलें आणि म्हातारीं माणसें मागल्या बाकावर बसतात; त्यांस काय होतें आहे तें पुढें बसणारास दिसत नाहीं.

मिस्त्रीनें साकोलीहून पॅकिंग आणि बोल्ट मागविले. तोंवर आम्ही सर्व जण दुपारीं यात्रेच्या एस.टी.नें प्रतापगडास जाऊन दर्शन घेऊन आलों. मातोश्री डोंगर चढल्या नाहींत, खालूनच हात जोडले. संध्याकाळीं गाडी तयार होती. साहित्य आणि मजुरी मिळून नऊशें रुपये झाले. आम्हीं जास्त देऊं केले ते मिस्त्रीनें घेतले नाहींत. मातोश्रींनीं दिलेला प्रसाद तेवढा कपाळास लावून घेतला. जातांना त्यानें पुतण्यास विचारलें, "जुना सेन्सर फेकला का जी?" सुदैवानें वर्कशॉपवाल्यांनीं तो खोक्यांत घालून परत दिला होता, आणि तें खोकें डिकींत तसेंच होतें. घरीं आल्यावर पुतण्यानें तो एका रविवारीं बसवून पाहिला. साडेचार हजार देऊन ज्याला आम्हीं काढून टाकलें होतें, तो अगदीं उत्तम चालतो आहे. नवा आतां कपाटांत ठेवला आहे.